वाळा शांत आहे

जुईच्या पायातला वाळा सकाळपासून हिरवाच होता, आणि जुई सकाळपासून रडत होती.

ती अंगावर अधाशासारखी ओढायची, मध्येच सोडायची, लालबुंद होऊन किंचाळायची आणि पुन्हा तोंडाने पदर हुडकायला लागायची. शलाकाची साडी नेसून झाली होती, केस व्हायचे होते. बाहेर ऑफिसची गाडी हॉर्न वाजवत होती.

"गाडी आली गं," बाबांनी स्वयंपाकघरातून पुन्हा सांगितलं.

"ऐकू येतंय मला."

"नाही, म्हणजे तो ड्रायव्हर थांबलाय..."

"थांबू दे ना, बाबा! हिला काय अंगावरून उपटून ठेवू?"

बाबा हात पुसत दारात आले. त्यांनी आधी जुईच्या पायाकडे पाहिलं, मग जुईकडे. हल्ली सगळेच असं करत. आधी पाय, मग तोंड.

"हिरवाच आहे," ते म्हणाले.

"दिसतंय."

शेवटी तिने जुईला त्यांच्या हातात दिलं आणि मागे वळून न बघता जिना उतरली. शेजारच्या पोर्चमध्ये मंदाकाकू तुळशीला पाणी घालत उभ्या होत्या. इकडचा आवाज त्यांच्या घरात स्पष्ट ऐकू जाई, आणि तो त्या मन लावून ऐकत.

"काहून वं पोरी, एवढं कल्लावते लेकरू? वाळा काय म्हणते?"

"शांत आहे, काकू."

"अवं माय! वाढत नाही अन् रडते, मंग दूधच पुरत नसन तुयं."

शलाका गाडीत बसली. अकोल्याचं ऊन सकाळीच खिडकीच्या काचेवर चढलं होतं.

त्या यंत्राला वाळा म्हणायची पद्धत लोकांनीच पाडली. कारखान्याने दिलेलं लांबलचक नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. एक मऊ पट्टी गुडघ्याखाली, एक घोट्याच्या वर, मध्ये पातळशी फीत आणि घोट्यापाशी एक दिवा. वरची पट्टी नडगीच्या हाडातून कानाला न ऐकू येणारा आवाज खाली धाडायची, खालची तो पकडायची. त्या वेळेवरून हाडाची लांबी केसाच्या जाडीइतक्या बारकाईने कळे.

बाळं रोज थोडी थोडी वाढतात असं पूर्वी सगळे धरून चालत. प्रत्यक्षात तसं होत नाही. कित्येक दिवस बाळाची उंची जागच्या जागी थांबलेली असते आणि मग एखाद्या दिवसात, कधी एखाद्या झोपेतच, हाड उडी मारून पुढे जातं. हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक चकती असते. तिच्यातल्या पेशी आधी पाणी धरून फुगतात, मग हाड लांबतं. ही फूग वाळ्याला थोडी आधीच ऐकू येई, कारण पाणी धरलेल्या कूर्चेतून आवाज वेगळ्या चालीने जातो. मग घोट्यावरचा दिवा केशरी होई. केशरी म्हणजे वाढ आली, हिरवा म्हणजे बाळ स्थिर आहे.

सुरुवातीला वाळ्याने बायकांचा दुवा घेतला. वाढीच्या दिवसांत बाळ सारखं अंगावर पितं, चिरचिरतं, एका जागी ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अर्थ एकच लावला गेला होता, की आईला दूध पुरत नाही. मग कुणीतरी बाटली आणायचं, बाळ बाटलीवर निजायचं आणि आईचं दूध खरोखरच आटायचं. आता बाळाच्या पायातच साक्षीदार बसला. "दूध कमी नाही, बाळ वाढतंय," असं दिवा सांगू लागला आणि घरोघरच्या सासवा गप्प झाल्या.

मग सरकारचं लक्ष गेलं. एकगठ्ठा बाळंतरजा देण्यापेक्षा थोडी सलग द्यावी आणि उरलेली वाढीच्या दिवसांवर वाटावी, म्हणजे ज्या दिवशी बाळाला आई लागते त्या दिवशी ती घरी असेल, असा हिशेब निघाला. तिला वाढरजा म्हणत. दिवा केशरी झाला की वाळा परस्पर ऑफिसला कळवी, रजा आपोआप मंजूर. अर्ज नको, की साहेबापुढे तोंड वेंगाडणं नको. शलाकानेही त्या वेळी या नियमाला टाळ्या वाजवल्या होत्या.

पण जो साक्षीदार तुमच्या बाजूने बोलतो, तो गप्प बसला की त्याचं गप्प बसणं तुमच्याच विरुद्ध धरलं जातं. हे तिला जुईच्या चौथ्या महिन्यात कळलं.

विजेच्या भार नियंत्रण कक्षात थंडगार अंधार असे आणि समोरच्या भिंतीवर अख्ख्या जिल्ह्याची भूक रेषेच्या रूपात वरखाली होत असे. उद्या कुठल्या तासाला किती वीज लागेल याचा अंदाज बांधणं हे शलाकाचं काम. उन्हाळा हा त्यांचा लग्नसराईचा हंगाम. या उन्हाळ्यात पाळी-प्रमुखाची, म्हणजे शिफ्ट इन्चार्जची, खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती शलाकाला मिळावी असं तिच्या वरिष्ठ गावंडे मॅडमनी ठरवलं होतं. अट एकच होती. पारा चढलेला असताना वाढरजेखेरीज एकही दांडी नको.

"उशीर," गावंडे मॅडम पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

"जुई सोडत नव्हती."

"केशरी झाला का?"

"नाही."

"मग?" त्यांनी आता मान वळवली. त्या वाईट नव्हत्या. त्यांची दोन्ही मुलं वाळ्याच्या आधीच्या काळातली, ऑफिसच्या जिन्याखाली पंपाने दूध काढून वाढवलेली. "आमच्या वेळी सांगायलाही काही नव्हतं बाई. साहेब म्हणायचे, तुमचं लेकरू रोजच कसं आजारी? तुझ्याकडे पुरावा आहे, तो वापर. पुरावा नसेल तर मी कुठल्या तोंडाने वर भांडू?"

दुपारच्या सुट्टीत शलाका पंप घेऊन बसली. गेल्या आठवड्यात उष्णतेची लाट होती. दोन दिवस तिला पंपासाठी जागेवरून उठताच आलं नव्हतं, गळणारं दूध टिपायला ब्लाउजखाली कापडाच्या दोन घड्या ठेवून तिने कामाची पाळी काढली होती. आज बाटलीच्या तळाशी जेमतेम दूध जमलं. तिने बाटली उजेडात धरली आणि पुन्हा पिशवीत ठेवून दिली.

वाळ्याच्या मदतकेंद्रावरची मुलगी फोनवर फार गोड बोलायची.

"ताई, वाळा शांत आहे. बाळ वाढीत नाही, आजारी नाही, तरी समाधानी नाही. अशा वेळी अंगावरचं दूध अपुरं असण्याची शक्यता जास्त असते. वाईट वाटून घेऊ नका. पूरक दुधाची भुकटी देत राहा."

"भुकटी चालू केल्यावर ती अंगावर कमी पिते."

"म्हणजे फरक पडतोय ना, ताई!"

हृषीकेश, तिचा नवरा, जैसलमेरच्या सौर प्रकल्पावर होता. संध्याकाळी पडद्यावर त्याचा धुळीने माखलेला चेहरा आला. "मी आत्ताच माझ्या फोनवर बघितलं. वाळा तर काहीच दाखवत नाही गं."

"माझ्याकडे बघ की जरा. मी दाखवतेय ना."

"तसं नाही म्हणत मी..."

"मग कसं म्हणतोस?"

त्याने चेहऱ्यावरची धूळ पुसली. चांगला माणूस होता. चांगल्या माणसाशी भांडताना जोर लावायला भिंतही मिळत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा रिवाज. शलाकाच्या डोहाळजेवणाच्या तयारीतच आई गेली. दोन दिवसांचा ताप, मग दवाखाना, मग काहीच नाही. त्यानंतर नातेवाइकांनी ठरवून टाकलं की आता पोरीला सासरी पाठवा किंवा एखादी बाई ठेवा. बाबा लांब पल्ल्याच्या एसटीवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. कुणाला उलट बोलण्यातले नव्हते. पण त्या दिवशी म्हणाले, "माहेर म्हणजे काय नुसती बाई असते का?"

आणि त्यांनी बाळंतपण केलं. डिंक तळला, आळिवाची खीर आटवली, ओवा-शेपांची धुरी दिली. पाटावर पाय लांब सोडून बसून नातीला पायांवर घेऊन तेल लावलं, गिअर टाकावा तशा बेताने तिचे गुडघे वाकवले. मंदाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, पोरीचं बाळंतपण तुम्ही करता म्हणून अख्खी कॉलनी हासते."

"कॉलनीला म्हणावं, या, धुणं बाकी आहे."

शलाका तेव्हा खूप दिवसांनी हसली होती. आता तेच बाबा दुपारी भुकटीचं दूध करत, आणि ती परत आली की बाटली विसळून पालथी घालून ठेवत, तिच्या नजरेस पडू नये अशी. ती बरोबर तिच्याच नजरेस पडे.

रविवारी तिने वाळ्याचे सगळे आकडे संगणकावर उतरवले आणि त्यांची रेषा काढली. कामावर करायची तशीच. आधी फक्त बघत राहिली.

रेषा सरळसोट होती. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दोन स्वच्छ पायऱ्या, आणि मग नुसता हलक्या चढाचा रस्ता, गुळगुळीत. पायरी नाहीच. तिच्या धंद्यात एक गोष्ट शिकाऊ पोरांनाही सांगतात. जिथे माणसं राहतात तिथली रेषा गुळगुळीत नसते. ती फार शहाण्यासारखी वागू लागली तर गावाला शाबासकी देऊ नका, आधी मीटर तपासा.

तिने यंत्राने केलेली साफसफाई बाजूला सारून कच्चे आकडे काढले. ते करवतीच्या दातांसारखे होते. एक दिवस वर, एक दिवस खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. पट्टी सैल बसत असेल असं समजून यंत्राने रोज त्यांची सरासरी काढली होती, आणि त्या सरासरीत पायऱ्या विरघळून गेल्या होत्या.

बाबा मागच्या अंगणात जुईचे कपडे वाळत घालत होते.

"बाबा, आंघोळ झाल्यावर वाळा कसा घालता तुम्ही?"

"कसा म्हणजे? कोरडं पुसून, पावडर लावून. घट्ट नाही, सैल नाही."

"कुठल्या पायात?"

"आज डाव्या. काल उजव्या होता." ते अगदी सहज म्हणाले. "पहिले काही आठवडे उजव्यातच ठेवला, मग एकाच पायावर भार नको म्हणून रोज बदलायला लागलो."

कुणाचेही दोन पाय तंतोतंत सारखे नसतात. जुईच्या दोन नडग्यांतला फरक तिच्या एका दिवसाच्या वाढीपेक्षा मोठा होता. यंत्र रोज वेगळा पाय मोजत होतं आणि बाळ लांबतं-आखडतं म्हणून गोंधळत होतं.

"पण लावून देणाऱ्याने सांगितलं होतं ना, उजव्याच पायात ठेवा म्हणून!"

"सांगितलं होतं. मला वाटलं, त्याला काय कळतं लेकरातलं..."

"त्याला कळत होतं, बाबा! तुम्हाला नव्हतं कळत!" तिचा आवाज अंगणभर झाला. कुंपणापलीकडे बादलीचा आवाज थांबला. "इतके दिवस सगळे मला सांगतायत की दूध नाही, दूध नाही. मी भुकटी पाजली तिला. ती रडत असताना सोडून गेले. का, तर दिवा हिरवा होता! आणि तो हिरवा तुम्ही ठेवला होता!"

बाबांच्या हातात ओलं झबलं तसंच राहिलं.

"तुझ्या बारशाला मामाने चांदीचे वाळे केले होते," ते म्हणाले. "सोनाराने एक जड केला. तुझी आई रोज आंघोळीनंतर त्यांची अदलाबदल करायची. पोरीचा एक पाय ओढायला नको म्हणायची. मी सुट्टीवर आलो की बघायचो. ते तेवढं माझ्या लक्षात राहिलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"मी अशी रडायचे का? अशी सारखी अंगावर असायचे का? तेव्हा ती काय करायची?"

बाबांनी झबलं तारेवर टाकलं, त्याच्या बाह्या सरळ केल्या. "मी पुण्याच्या गाडीवर असायचो गं. मला नाही माहीत."

शलाका आत निघून आली. तिच्या पहिल्या वर्षाला एकच माणूस साक्षी होतं. तिला किती भूक लागायची, ती कशाने निजायची, हे आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईच्या हातचं जे काही बाबांनी जपून आणलं होतं, ते एवढंच, वाळ्यांची अदलाबदल. आणि आत्ता तिने ते त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. हे कळत असूनही माफी मागायला जीभ उचलेना. राग ओसरला नव्हता.

वाळा उजव्या पायात गेला. मदतकेंद्राने मागचे आकडे रद्द केले आणि नवी सुरुवात करून दिली. "आता मोजमाप अचूक येईल, ताई," गोड मुलगी म्हणाली. हृषीकेशला हायसं वाटलं. गावंडे मॅडम म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते? यंत्र खोटं बोलत नाही, वापरणारे चुकतात." बाबा आता वाळ्याला हात लावत नसत. आंघोळ झाली की टॉवेलात गुंडाळलेली जुई तिच्यासमोर धरून उभे राहत आणि ती तो बांधेपर्यंत दुसरीकडे पाहत.

सगळे केशरी दिव्याची वाट पाहत होते. सगळ्यांत जास्त शलाका. दिवा केशरी झाला की तिचं म्हणणं खरं ठरणार होतं, रजाही मिळणार होती आणि खुर्चीही राहणार होती.

आठवडा सरला आणि जुई पुन्हा बिथरली. शनिवारी सुरू झालं ते रविवारभर. पाजून खाली ठेवावी तर मागणं, उचलावी तर हुडकणं. बाटली पुढे केली तर जिभेने लोटून द्यायची. शलाकाने मनातल्या मनात म्हटलं, आलीच वाढ. तिने पायाकडे पाहिलं.

हिरवा.

तिने वाळा काढला, पुसला, पुन्हा बांधला. हिरवा. मदतकेंद्राला फोन केला. मुलीने तिकडून सगळं तपासलं. "वाळा उत्तम चालू आहे, ताई. पट्टी नीट आहे, पाय तोच आहे. बाळ खरंच वाढीत नाही." आणि मग, तितकंच गोड, "भुकटी देताय ना?"

सोमवारी सकाळीही हिरवाच होता. आता दोष द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. मीटर बरोबर, पाय बरोबर. म्हणजे दूधच कमी. शलाका खुर्चीत बसून जुईच्या ओढण्याकडे बघत राहिली, आणि सवयीने तिचं डोकं रेषा काढू लागलं.

दूध कमी झालंच होतं. ते नाकारण्यात अर्थ नव्हता. पण दूध हे काही हौदात भरून ठेवलेलं नसतं. स्तन भरलेला राहिला की त्यातलंच एक द्रव्य दूध बनवणाऱ्या पेशींना सांगतं, सावकाश. रिकामा झाला की ते द्रव्य धुऊन जातं आणि पेशी वेग धरतात. उष्णतेच्या लाटेत ती घड्या लावून बसली, दुपारची भूक भुकटीने भागली, आणि शरीराने साधा अर्थ घेतला की मागणी घटली आहे. त्याने पुरवठा कमी केला. आता ही एवढीशी पोर, जिला बाटली नको होती, ती तो पुरवठा परत वर ओढत होती. तिच्या हाडांत आज काही घडत नव्हतं. घडत होतं ते आईच्या अंगात. आणि वाळा बाळाच्या पायात होता.

हे बरोबर होतं का? तिला खात्री नव्हती. ती लोड मोजणारी बाई होती, डॉक्टर नव्हती. तिच्याकडे रेषा नव्हती, पुरावा नव्हता. दोन-चार दिवस जुईला मागेल तेव्हा अंगावर घ्यायचं आणि काय होतं ते बघायचं, एवढाच एक मार्ग तिला दिसत होता. आज ती ऑफिसला गेली तर तोही मार्ग बंद होणार होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिने एका हाताने फोन उचलला.

"मॅडम, मी येत नाहीये."

"केशरी?"

"नाही. हिरवा आहे."

"मग कारण काय लिहू?"

"जुईला भूक लागलीय."

"ती रोजच लागते, शलाका."

"आज जास्त आहे. उद्याही असेल. परवाचं सांगता येत नाही."

"तू अंदाज बांधायचा पगार घेतेस आणि मला सांगता येत नाही म्हणतेस?"

"हो."

"आज पारा कुठे जाणार आहे ठाऊक आहे ना? खुर्ची सोनोनेकडे जाईल. तो मठ्ठ आहे, पण इथे आहे." मॅडमचा आवाज चढला आणि मग खाली आला. "मला तुझा भयंकर राग येणार आहे, आधीच सांगून ठेवते."

"येऊ दे. मलाही येतोय."

"कुणाचा?"

शलाकाने जुईला हातावर सावरून घेतलं. मॅडमनी फोन ठेवला. खाली गाडीने आणखी एकदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. अनेक वर्षं जिच्यासाठी राबली ती खुर्ची गाडीच्या आवाजाबरोबर कोपऱ्यावरून वळताना तिला स्पष्ट दिसली. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

बाबा दारात उभे होते. आत यावं की नाही अशा विचारात.

"काय दाखवतंय?"

"हिरवा."

त्यांचा चेहरा उतरला. "मी हात नाही लावलेला गं. शप्पथ."

"माहीत आहे, बाबा. तुमचं काही चुकलेलं नाही. यंत्राचंही नाही."

"मग ही का रडते?"

"भूक आहे. एवढंच मला कळतंय. बाकी काही कळत नाही."

"आईला विचारलं असतं," ते म्हणाले.

"हं."

"आपण दोघंच आहोत आता."

"तिघं," शलाका म्हणाली. "पाणी आणा ना. पेला नको, तांब्या भरून आणा. आणि ती बाटली लपवू नका, सरळ धुऊन फडताळात ठेवा. लागली तर काढू."

बाबा लगबगीने आत गेले. जुईने तोंड सोडलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि रडण्यासाठी श्वास आत ओढला. शलाकाने तिच्या पायाकडे पाहिलं नाही. तिने पोरीला वळवून दुसऱ्या बाजूला घेतलं.